दाराचं माप

नोव्हेंबर सरता सरता नारीनमधली नदी मुकी होते
आणि माझं काम सुरू होतं.
एकेचाळीस मुलं, एकेचाळीस पाकिटं.
डोंगरांपलीकडच्या, न पाहिलेल्या भल्या माणसांना
नाताळच्या आत पोचली पाहिजेत.
मूल एक ओळ बोलतं, मी तिच्या चार करते.
मीठ कमी पडलं तर घालते,
खारट झालं तर पाणी.
"इथं बटाटेच असतात" याचं मी
"जेवण साधं, पण पोटभर" केलं आहे.
"आई आली नाही" याचं काही करता आलं नाही.
ती ओळ सोडून दिली.

बुरुल अकरा वर्षांची.
कमरेखाली तिचं काही चालत नाही,
कमरेवर सगळं चालतं,
त्यातून जीभ.
तिच्यासाठी ग्रोनिंगेनची एक बाई
महिन्याला पंचवीस युरो पाठवते. हेंड्रिका.
फोटोत ती, तिची सायकल, मागे हिरवं सपाट,
इतकं सपाट की बुरुलने विचारलं,
यांचे डोंगर कुणी नेले?
(ही ओळ मी पाठवली होती. गोड होती.)

शरदात त्या बाईच्या पैशांतून खुर्ची आली,
निळी, चकचकीत, चाकांना अजून प्लॅस्टिक.
संचालकांनी फीत कापली, फोटो झाला,
आणि खुर्ची दाराशी येऊन अडली.
चार बोटांनी.
चौकट फोडावी तर भिंत मातीची
आणि छपराचा भार तिच्यावर.
खुर्ची बाहेरच राहिली.
आता तिच्यात कोळशाचं पोतं बसतं,
आणि बुरुल आत जाते ती पूर्वीसारखीच,
स्वयंपाकाच्या तुर्सुनाय आपाच्या पाठीवर.

यंदाच्या पत्राला ती म्हणाली, लिही:
खुर्ची छान आहे. कोळसा तिच्यात मजेत आहे.
तुमच्या देशात दारं केवढी असतात?

मी लिहायला घेतलं, "खुर्चीमुळे मी खूप आनंदात"
इथवर आले,
तेवढ्यात आपाने तिला पाठीवरून उतरवलं
आणि भिंत धरून उभी राहिली.
बराच वेळ. बोलली काही नाही.
मी कागद फाडला.
जसं बोलली तसं लिहिलं, कोळशासकट.

जानेवारी गेला.
फेब्रुवारीत संचालक माझ्याकडे बघेनासे झाले.
पंचवीस युरोंत किती पीठ येतं
ते मला तोंडपाठ आहे.

मार्चमध्ये पाकीट आलं.
आत लाल लोकरीचा लांबच लांब धागा
आणि वाकड्या अक्षरात चार ओळी:
"आधी विचारायला हवं होतं.
दाराच्या रुंदीला गाठ मार आणि धागा परत पाठव.
माझ्या दारातून हल्ली मलाही
नीट जाता येत नाही. गुडघे."

बुरुल उंबऱ्यावर पालथी पडली,
धागा या चौकटीपासून त्या चौकटीला ताणला.
टीच नाही, वीत नाही. गाठ.
दुसरी गाठ पलंगाच्या उंचीची.
तिसरी, जमिनीपासून जिथे खिडकीत
डोंगर दिसायला लागतो तिथवर.
चौथी आपाच्या पाठीची, खांद्यापासून खांद्यापर्यंत.
आपा म्हणाली, अगं मेले,
आता माझी खुर्ची करतेस काय?

पाचवी गाठ तिने पांघरुणात मारली.
कशाची म्हणून विचारलं,
तर म्हणाली, तुला कशाला?
हे भाषांतराचं नाही.

संस्थेच्या फॉर्मवर रकाने पुष्कळ:
मिळालेली वस्तू, मिळाल्याची तारीख, मुलाची सही.
मुलाने पाठवलेली वस्तू
कुठे लिहायची ते सापडेना.
मी पोस्टातच गेले.
खिडकीमागचा माणूस म्हणाला, आत काय? किंमत?
लोकर, म्हटलं. वापरलेली.
त्याने पाकीट काट्यावर ठेवलं.
काटा हलला नाही.
तिकिटं मात्र त्याने पुरी लावून घेतली.