उत्तर द्यायची घाई

विआना द कास्तेलूच्या धक्क्यावरून बोटीने तासभर आत,
साखळ्यांनी तळाला बांधलेली, तरी तरंगती,
सात नंबरची पवनचक्की
तीन दिवस मान डोलावतेय.

वारा जास्त झाला की पाती अंग चोरतात,
मुळाशी जराशी वळतात,
वाऱ्याला तळहात दाखवायचा सोडून
तळहाताची कड दाखवतात.
फेरे वाढले, वळ. घटले, परत ये. लगेच.
हे शहाणपण डोंगरावरचं,
खडकात पाय रोवलेल्या मनोऱ्यांचं.
इथे पायाखाली पाणी आहे
हे कंट्रोलरला कोणी सांगितलंच नव्हतं.

रात्री दोनला देओलिंदा आलेख वाचत बसते.
मनोरा वाऱ्याकडे झुकतो.
पात्यांना वाटतं, वारा वाढला.
ती अंग चोरतात,
आणि ज्या रेट्यावर रेलून तो सावरला असता
तोच रेटा निघून जातो.
तो आणखी पुढे.
मागे कलताना त्यांना वाटतं, वारा पडला;
तळहात उघडतात
आणि त्याला मागेच लोटतात.

तीस सेकंदांचा झोका.
सावरायला ठेवलेलाच झोके देतोय,
मनापासून,
एकदाही न चुकता.

(लक्झेंबर्गला असलेल्या झेफेरीनोशी
फोनवर तिचं असंच होतं.
तो पुढे झुकला की ही हात आखडते.
तो मागे सरला की हिला
नेमकं तेव्हाच बोलायचं असतं.)

ती एक आकडा कमी करते.
मग आणखी थोडा.
आता पाती झोक्यापेक्षा सावकाश वळतात,
चार फेरे जास्त झाले तर होऊ देतात.
विजेच्या सरळ रेषेला केस फुटतात;
त्यावर सकाळी पोर्तूच्या ऑफिसातून मेल येईलच.
पण पाचच्या सुमाराला
सात नंबरची मान
हळूहळू
थांबते. म्हणजे, समुद्रात जेवढं थांबता येतं तेवढी.

घरी बेल्मीरो पाव कॉफीत बुडवतोय.
"रात्रभर काय केलंस?"
"मशीनला जरा मंद केलं."
"त्याचे पैसे देतात?"
मग नेहमीचं: त्या साखळ्या आहेत ना,
तिथे माझी ऑक्टोपसची मडकी असायची,
चाळीस मडकी, आणि कोणी विचारायलाही आलं नाही.

देओलिंदाने उत्तर दिलं नाही.
लगेच तरी नाही.
त्याच्या कपात आधी दूध ओतलं.