मिनिटांत उत्तर द्या

मोयनाकच्या शेवटच्या गल्लीत
सरबिनाज टॅबलेट उघडते. बॅटरी एकोणचाळीस टक्के.
सकाळपासूनचं हे अकरावं घर.
उंबऱ्यावर पांढरी पूड. बर्फ नव्हे,
ऑगस्ट आहे.
पुसली तरी दुपारी परत येते,
माहेरी आल्यासारखी आत शिरते.

नाव?
उलबोसिन.
म्हणजे, पुढचा मुलगा होवो.
"नाव कसलं, आईबापांचं उद्दिष्ट होतं ते.
माझ्यामागून तिघी झाल्या.
दर खेपेला मुदत वाढवून घेतली."
सरबिनाज हसते.
हसण्यासाठी रकाना नाही.

प्रश्न चौदा:
पाण्यापर्यंत जाऊन, रांगेत थांबून, परत यायला लागणारा वेळ.
मिनिटांत उत्तर द्या.

"कुठल्या सालचं विचारतेस?
मासळीच्या कारखान्यात डबे भरायचे तेव्हा
मागच्या दारातून सात पावलं.
खारटच होतं, पण होतं.
रात्री त्याचा आवाज यायचा, झोप लागायची.
मग ते निघालं.
एका वर्षी अंगणाएवढं, दुसऱ्या वर्षी नजरेएवढं.
होड्यांसाठी कालवे खणत गेलो आम्ही त्याच्यामागं,
रुसून चाललेल्या माणसाचा सदरा धरावा तसं.
आता जीपनं दिवसभराची वाट आहे म्हणे.
जाणार ते, आणि मिनिटं मी मोजायची?"

पिण्याचं विचारतेय, आजी.

"पिण्याचं होय? ते मंगळवारी."

शून्य ते नऊशे नव्याण्णव यांतला आकडा टाका,
टॅबलेट म्हणतो.
मंगळवार चालत नाही.

आत सून आहे, ताजगुल, सहावा महिना.
बोटाला सुई. थेंब यायला उशीर करतो,
मग येतो, फिकट, पाहुण्यांपुढं ढकललेल्या पोरासारखा.
आठ पॉइंट दोन.
दवाखान्याच्या भिंतीवर जगाच्या ध्येयांचे सतरा चौकोन आहेत,
त्यातला तिसरा, आरोग्याचा, हिरवा, तिला पाठ झालाय;
तपासणीच्या बाकावरून तोच समोर दिसतो.
सहावा पाण्याचा.
खिडकीशेजारी आहे तो, निळा रंग उन्हानं उडालाय.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हे मीठ कुणी खाल्लेलं नाही,
वाऱ्यानं आणून छातीत भरलंय.
तरी घरातले सगळे त्याला जागतात,
रात्रभर,
आळीपाळीनं खोकत.

नातू पारखात कोरड्या तळावर सक्साउल लावतो,
थंडीत, रोजंदारीवर.
अहवालात लावलेली झाडं मोजतात.
तो जगलेली मोजतो. वही आहे त्याची.
शंभरात एकतीस.
पेन्सिलीनं लिहितो,
पुढच्या वर्षी खोडायला सोपं जावं म्हणून,
किंवा, एकदाच घडलं होतं असं,
मेलेलं धरलेलं एक झाड फुटलं
तर वाढवायलाही.

"तीस सालापर्यंत सगळं होणार म्हणतात," सरबिनाज सांगते.
हे तिला सांगायचं नसतं, प्रश्नावलीत नाही,
पण गप्प बसवत नाही.
उलबोसिन बोटांवर हिशेब करते.
"तेव्हा मी ब्याऐंशीची. थांबेन, मला काय.
हिचं मात्र नोव्हेंबरात आहे."

चहा येतो, दूध घातलेला.
किंचित खारट. साखरेनं ते लपत नाही.
सरबिनाज पूर्ण पेला पिते,
तीही याच पाण्यावर वाढली आहे, तीन गल्ल्या पलीकडे.
चौदाव्यात ती सात लिहिते. खोडते.
'माहीत नाही' वर बोट नेते. तेही खोटं.
माहीत तर सगळं आहे.

"बाळाचं नाव ठरलं?"
ताजगुल सासूकडे बघते.
"ठरलंय. सांगत नाही आत्ता," म्हातारी म्हणते,
"पण मुलगा असो, मुलगी असो,
नावात कुणाकडं काही मागायचं नाही, एवढं बजावलंय."

बॅटरी बावीस टक्के.
चौदावा लाल आहे अजून, तो भरल्याशिवाय
पंधरावा उघडत नाही.
बाहेर टँकरचा भोंगा वाजतो.
आज शनिवार.
तिघीही कान टवकारतात,
आणि सरबिनाजच, वहिवाटीनं,
आधी बादली उचलते.