टंच

विट्याच्या स्टँडवर पहाटे उतरले अण्णा,
सेलमच्या गलाईवरून, वर्षातून एकदाचे,
बोटांवर ॲसिडचा पिवळा तसाच.
दुपारी माझी वही उचलून म्हणाले,
"चांदीचं कायतरी लिवलंयस. काय हाय?"

मी सांगितलं:
भट्टीत चांदी तापवली, पार वाफ होईतो.
वाफेची बारीक धार
चुंबकाच्या दोन टोकांतून सोडली.
पलीकडच्या काचेवर सलग फराटा यायला हवा होता,
आले दोनच पट्टे.
एक वर, एक खाली.
"आन् मधी?"
मधे कोरी काच.

तीस वर्षं मुशीपुढं बसलेला माणूस
जरा वेळ काहीच बोलला नाही.

"कणाला फिरकी असते, अण्णा. स्पिन."
"भवऱ्यागत?"
शिकलगार मॅडम म्हणाल्या होत्या, भोवरा म्हणू नका,
तिथं फिरणारं काही नाही,
फिरण्याचा नुसता हिशेब आहे.
हे सांगताना माझीच जीभ चाचरली.
"मग फिरकी कशापायी म्हंत्यात?"
दुसरा शब्द मिळाला नाही म्हणून.
हे मात्र त्यांना लगेच पटलं.

टंच एकदा काढला की काढला, त्यांचं म्हणणं.
सेलमात नव्व्याण्णव, तर विट्यातबी नव्व्याण्णव.
इथं तसं नाही, अण्णा.
उभं विचारलं, वर.
परत उभं विचारलं, वर. हजारदा वर.
मधे एकदाच आडवं विचारलं, डावा का उजवा,
आणि पुन्हा उभं,
तर निम्मे वर, निम्मे खाली.
"इसारतं व्हय?"
विसरत नाही.
दोन्ही उत्तरं एकदम ठेवायला
त्याच्याकडं जागाच नाही.

मग ते, जे मला परीक्षेपुरतंच येतं:
एक पुरी गिरकी घेऊन कण जागेवर आला
तरी तो तसाच नसतो, चिन्ह उलटलेलं असतं.
अजून एक गिरकी, तेव्हा मूळचा.

अण्णा उठले.
तळहातावर भरला पेला ठेवून
काखेखालून फिरवला.
पेला होता तिथं, हात पिळवटलेला, कोपर आभाळाकडं.
तसाच पुढं, डोक्यावरून दुसरा फेरा,
आणि हात सरळ.
थेंब सांडला नाही.
"तिकडं हाटेलात एका वाढप्यानं शिकिवलं."

रात्री ते झोपेत तमिळ बोलले.
आईनं कूस बदलली.
मी दिवा लावून
समीकरणाआधी राहून गेलेलं
उणे चिन्ह काढलं.