पोटखराब अ

गट नंबर दोनशे सतरा.
दोन हेक्टर चाळीस आर, राजापूरच्या माळाला लागून.
त्यातले एकसष्ट आर पोटखराब, वर्ग अ.
आकार : निरंक.

चौदा वर्षं लिहीत आलो हा शब्द,
आकार, म्हणजे सारा, रुपयांत आणि पैशांत.
कधी मनात आलं नाही
की सरकारनं जिला आकारच दिला नाही
ती जमीन दिसते कशी, एकदा बघून यावं.

मग सोपान दराडेचा अर्ज आला.
'सदर पोटखराब क्षेत्र सपाट करून
लागवडीखाली आणले आहे, तरी नोंद व्हावी.'
त्याचंही बरोबर होतं.
नोंद झाली की पीककर्जाला एकसष्ट आर वाढतात,
उद्या रस्त्यात गेली तर मोबदला चढतो.
साऱ्याचं म्हणाल, तर वर्षाला रुपया-सव्वा रुपया.
पावतीचा कागद त्याहून महाग.

पंचनाम्याला गेलो येवल्याहून, टेप घेऊन,
दोन पंच, त्यांतला एक रात्रपाळीचं पाणी भरून आलेला,
उभ्याउभ्या पेंगणारा.
जागेवर सपाट काही नव्हतं.
हिवर, मुरूम, गुडघाभर कुसळी,
आणि बांधावर गयाबाई, पदर खोचून.

"पोरानं पुढचं लिहिलंय, भाऊसाहेब," ती म्हणाली.
"ते मी गेल्यावर व्हायचंय."

तिनं चपला काढायला लावल्या.
चार पावलांवर टिटवीची अंडी,
मी त्यांना खडी समजलो होतो.
पुढे लेंड्यांचा ढीग, रोज एकाच जागी,
"मोठ्या काळविटाचा. त्याची हद्द हाये ती.
तुमच्या दगडापेक्षा पक्की."

मका खात नाही का तुमचा?
"खातो ना. दर साली दोन सरी.
दिवसा इथं बसतो, रात्री तिथं जेवतो.
इथून उठवला, तर मक्यातच निजंल.
दोन सरी मी धरूनच चालते.
तुमचा सारा माफ हाये इथं. त्याचा नाही."

मग विचारलं, सातबाऱ्यावर इतर हक्कात
सोसायटीचा बोजा बसतो,
चुलत्याच्या विहिरीचा वाटा बसतो,
मग याला का नाही बसवत?

मी नियम सांगितला. फेरफार लागतो,
हितसंबंधितांना नोटीस, पंधरा दिवस हरकतीला.
"मंग काढा की नोटीस," गयाबाई म्हणाली.
"पत्ता तर तुम्ही आत्ताच पाहिला."

मी खाली बघून टेप गुंडाळत राहिलो.
बऱ्याच वेळा गुंडाळली.

पेंगणारा पंच जागा झाला,
कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाला,
"साहेब, वापराच्या रकान्यात काय टाकू?"

पड, मी म्हटलं. पड लिही.

खोटं नव्हतं ते.
वीस-पंचवीस हातांवर, कुसळीच्या आत,
पीळदार शिंगं तेवढी वर ठेवून
कोणीतरी पडलंच होतं.

सोपाननंही पाहिलं. बोलला नाही काही.
गाडी चालू न करता
ढकलत नेली बांधापर्यंत.