सातवा अंक

पंख जळायच्या आधी त्यांचा वास बदलतो,
पास्कू म्हणायचा, आणि टाक शाईत बुडवून
तासभर काही बोलायचा नाही.
मी बाजूला बसून फुगे भरायचो.
चित्रं त्याची, अक्षरं माझी.
दिवसा होड्यांवर नंबर घालणारा माणूस मी,
माझा काना सरळ येतो, वेलांटी वाऱ्यातही हलत नाही,
एवढ्यावर त्यानं मला नरकात घेतलं.

नरक फार लांब नव्हता.
वेंगुर्ल्याच्या बंदरावरून दिसतात ते खडक,
ज्यांच्या गुहेत पाकोळ्या थुंकीची घरटी बांधतात,
तिथे त्यानं स्वर्गातून हाकललेले उतरवले.
नावं मात्र बाजारातून आणली.
मोरीचा मोरियेल, इसवणीचा इसवियेल,
तारलीचा तारियेल.
‘मागे एल लावलो की खंयचोय मासो देवदूत होता.’
हे त्याला दोतीनीच्या वर्गात शिकवलं नव्हतं.
त्याच्या आईनं, रुजायनं, पहिला अंक वाचून
घरभर तीर्थ शिंपडलं.
दुसरा मागून घेतला.

दरबारात प्लास्टिकच्या खुर्च्या,
पाठीवर ‘मच्छीमार सोसायटी’,
सोसायटीतही मीच लिहिलेलं, नरकातही.
सिंहासनासाठी कुणी तलवार उपसत नाही.
तारियेल इसवियेलच्या कानाशी लागतो,
इसवियेल ठरावाच्या वहीत
एक ओळ मागाहून घुसवतो,
आणि मोरियेल, ज्यानं पडताना उजेड चोरून आणला,
तो उजेड व्याजानं देतो.

त्याच वर्षी समुद्रात रात्रीची सकाळ व्हायला लागली.
बारा वाव, पंधरा वाव, जनरेटरची घरघर,
पाण्यात सोडलेले पांढरे दिवे.
खालच्या मासळीला वाटतं उजाडलं.
ती वर येते, पिलांसकट.
रापणीला मग कचरा आणि दोन कुर्ल्या.
बंदी आहे, सगळ्यांना माहीत आहे.
बंदीचा बोर्ड मीच रंगवला.

पाचव्या अंकात मोरियेलच्या डाव्या हाताला
चारच बोटं निघाली.
विश्राम मेतरलाही तेवढीच आहेत.
आम्ही दगडाची वाट पाहिली, मग पोलिसांची.
तो आला सहाव्यानंतर, तिन्हीसांजेला,
चपला बाहेर काढून चटईवर बसला,
ओठ हलवत सगळं वाचलं.
‘शिंगां जरा बारीक झाली माझी,’ म्हणाला.
मग, ‘फुडच्या अंकात ह्यो जिकता काय?’
पास्कूनं अजून ठरवलं नव्हतं.
‘ठरव सावकाश. तवसर जनरेटर सांभाळूक
माणूस होयो माका. रातीचे दीड हजार.’

मी वेलांटी देत होतो. वर पाहिलं नाही.

पडताना आवाज होतो, असं आम्ही सहा अंक दाखवलं,
काळ्यावर पांढरं ‘धडाम’, माझ्या हातचं, पानभर.
तसं काही झालं नाही.
रुजायनं डबा भरून दिला.

सातव्याची चार पानं माझ्याकडे आहेत.
शेवटच्या चौकटीत तारियेल
गुहेच्या तोंडाशी ओणवा,
खाली उजेड, तोंड उघडं, फुगा कोरा.
काय म्हणता रे तो, मी विचारलं एकदा जेटीवर.
‘घाल तू कायतरी.’

नारळी पुनवेला नवी होडी आली.
कागद पास्कूच्या नावावर, पैसे विश्रामचे,
नाव रुजायनं ठरवलेलं: सांत मिगेल.
निळ्यावर पांढरं, मीच घातलं.
दोन्ही बाजूंना पंख हवेत, असं ठरलं
तेव्हा मी ब्रश पास्कूपुढे धरला.
त्यानं हात काढला, बोटं डिझेलनं चिरलेली,
आणि परत खिशात घातला.
‘तूच काढ.’

मी जन्मात पंख काढले नव्हते.
डावा बरा झाला.
उजवा तारलीच्या कल्ल्यासारखा आला,
उघडा, तळाशी लाल,
पाण्याबाहेर काढल्यावर असतो तसा.