परंतुक

सिडकोच्या विश्रामगृहातली ही खोली
बेलापूरच्या टेकडीकडे पाठ करून बसलेली.
एसी गळतो, खाली निळी बादली.
मी प्रतिवेदक.
बोललेलं लिहायचं, एवढंच माझं काम.
ठरलेलं मात्र बहुधा बोललं जात नाही.

खंड सात वाचला गेला :
ज्यास जामीन मंजूर झाला परंतु जामीनदार मिळाला नाही,
अशा बंद्यास तीस दिवसांनंतर
न्यायालय जातमुचलक्यावर मुक्त करील.

तीस? केणीसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं.
माझ्याकडे आठवड्याला एक गंठण जातं.
बायका दारात येतील, विचारतील, कुणाला सोडलंत?
नव्वद लिहा.

निलोफर मुकादम चष्मा पुसत राहिल्या.
ठाण्याच्या कोर्टात बावीस वर्षं काढलेली बाई,
आवाज चढवत नाही.
म्हणाल्या, सोडलंय कोर्टानंच, मोरेश्वरभाऊ.
ज्याच्या ओळखीत सातबारावाला कुणी नाही
त्यानं अजून किती बसायचं,
तेवढंच आपण ठरवतोय.

काल तळोज्याच्या कारागृहात
समितीपुढं एक जण उभा केला होता, जयराम वाघे.
बंद कारखान्यातली तांब्याची तार, चार किलो.
जामीन होऊन एकसष्ट दिवस.
काही अडचण? अध्यक्षांनी विचारलं.
तो म्हणाला, बायकोनं भट्टी बदलली,
कंची त्ये ठावं नाय.
आधी काही गुन्हा?
खैराची मोळी, साहेब. आन् एकदा तळ्यावरची मासळी.
मी लिहून घेतलं. पान चौदा.
गाडीत बसताना केणीसाहेब कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले,
याचा बाप आमच्या खाजणात राबायचा.
ते मी लिहिलं नाही.
वही तेव्हा मिटलेली होती.

जेवणाच्या सुट्टीत केणींच्या घरचा डबा उघडला,
तांदळाची भाकरी, सुके बोंबील.
मुकादमबाईंनी हात पुढं केला.
रेकॉर्डर बंद. मी वरणभाताशी.
कानावर आलं ते असं :
पंचेचाळीस. — नाही हो, मला तोंड दाखवायचंय.
बरं, साठ. — साठ, पण दोन गुन्हे आधीचे असतील तर नाही.
कसले गुन्हे? — गुन्हे म्हणजे गुन्हे.
आणि ते ‘करील’ काढा, कोर्टाचे हात बांधल्यासारखं दिसतं.
बाईंनी बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला लावला,
मग दुसरा,
त्याला अगदी समांतर.

तीन वाजता उपसचिव चौबळांनी मसुदा आणला.
हा माणूस स्वल्पविराम चिमट्यानं ठेवतो.
तीसचे साठ.
करीलचं करू शकेल.
क्रियापदाच्या पोटात
एवढासा शक शिरला, कुणाला खुपला नाही.
आणि खाली, समासापासून दोन बोटं आत :
परंतु, ज्याच्याविरुद्ध यापूर्वी दोन किंवा अधिक —

मी पान चौदा उलटलं. आवाज झाला असावा.
मुकादमबाईंनी माझ्याकडं पाहिलं,
पुढ्यातल्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा घातला,
तीनशे बारा.
जिल्ह्यातले, साठ दिवसांत बाहेर येऊ शकणारे.
त्याखाली वजाचं चिन्ह.
पुढं काही लिहिलं नाही.

प्रतिवेदकानं बोलायचं नसतं.
सत्तावीस वर्षांत मी एकदाच बोललो,
पंखा बंद करा म्हणून, कागद उडत होते.

सही करून बाई म्हणाल्या, मतभिन्नता जोडणार नाही.
केणीसाहेब म्हणाले, आभारी.
म्हणाले, ताई, ती मोळीवाली केस
फारशी जुनी नसावी, नाही का?
बाईंनी पेनाचं टोपण शोधलं.
ते टेबलाखाली गेलं होतं.
दोघंही वाकले.

एवढं लिहून मी पुढची ओळ रिकामी सोडली.
अध्यक्ष म्हणाले, खंड आठ.
शिपाई बादली बदलायला आला.