शेरा

ग्रिम्सबीच्या गोदीत रात्रीचे अडीच.
कॉड बर्फात निजलेला, मी जागी.
काळ्या चौकोनात एक पांढरी रेघ
उघडझाप करतेय, इतकंच.

फाइल नॉर्मन थर्केलची, दोन हजार एक सालची.
वजनकाट्याकडून यादी आली का, बघ.
नसेल आली तर थांब. वर जा. परत बघ.
ये रे माझ्या मागल्या.
थांबायची सरळ आज्ञा तेव्हा नव्हती त्याच्याकडे,
म्हणून यंत्र स्वतःलाच साठदा हाक मारायचं:
आहेस का? आहे.
आहेस का? आहे.
असं एक मिनिट जायचं.

सोमवारी नवा काटा बसला,
यादीच्या नावात एक आडवी रेघ वाढली.
तेव्हापासून ही फिरतेय.
बंद पडली असं म्हणता येत नाही,
कुरकुरलीसुद्धा नाही.
ब्रेंडा फोनवर म्हणाली, चौथी पहाट,
हातानं लिहून बोटं आखडलीत आमची.

नाव दुरुस्त केलं. मग मोजणी घातली:
तीस फेऱ्या, नाही आली तर बाहेर पड,
कुणालातरी उठव.
चालवून पाहिली.
पहिली फेरी, शून्य.
दुसरी, शून्य.
सतरावीलाही शून्यच.
कपाळावर हात मारला. हा असाच:
कंसाच्या दारात उभा राहून
आतल्या सगळ्या किमती एकदाच वाचून घेतो,
आणि आत काहीही वाढो, दारात वाचलेलंच
सांगत राहतो.

मीही सांगते, कँटीनमध्ये कुणी विचारलं की:
इचलकरंजीत चहा तीन रुपये,
धाकटी चुलतबहीण दहावीत,
कोपऱ्यावर पिठाची गिरणी.
(तिची मुलगी परवा दहावी झाली.
गिरणीचं मी विचारलेलं नाही.)

टक्क्याची खूण पुसून उद्गारचिन्ह टाकलं.
दर फेरीला नव्यानं वाच, एवढं सांगायला
या भाषेत आश्चर्य वाटावं लागतं.

ज्या ओळीआधी रेम लिहिलेलं असतं
ती यंत्र वाचत नाही.
शेरा आहे, म्हणून ओलांडून जातं.
मी वाचले सगळे.
'धुकं. होड्या उशिरा. धीर धर.'
'हा आकडा का चालतो कळत नाही. हात लावू नये.'
'जीनची तपासणी. चारला निघतोय.'
त्याखाली तीन आठवड्यांनंतरची तारीख:
'थांबायची वेळ वाढवली.'
पुढे काही नाही.

शेरे तसेच ठेवले. साठ हाकाही.
आता थांबायची आज्ञा आहे, एका शब्दाची,
तरीही.
आणि खाली माझा एक, मराठीतून:
थर्केलसाहेब, यादीचं नाव बदललंय,
बाकी तुमचंच आहे.

जतन केलं, पुन्हा उघडलं,
तर अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं,
जाळ्याच्या दोरीवर ओवलेल्या बुचांसारखी
एकामागे एक.
राहू दिली. वाचणार कोण होतं?

चालवली.
शून्य. आहेस का? आहे.
एक. खिडकीबाहेर धुक्यात कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली,
तिचं एक चाक किरकिरत होतं.
दोन.
यादी आली.